स्वल्पविराम व्ही

मराठी विकिपीडियावरचं कुठलंही पान उघडलं की वरच्या बाजूला ‘इतिहास पहा’ असा एक दुवा दिसतो. मोबाइलवर तो जरा शोधावा लागतो. बहुतेक जण तिथे कधी जात नाहीत, आणि त्यात काही चूक नाही. आपल्याला शिवनेरीची माहिती हवी असते, ती कुणी कधी लिहिली याची नाही. मी मात्र बऱ्याचदा आधी इतिहास उघडते आणि मग पान वाचते. ही सवय मला नोकरीत लागली.

या दुव्यामागे काय आहे याचा विचार करा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज आता पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो. खाली ‘एडिटेड’ असा शिक्का येतो, पण आधी काय लिहिलं होतं ते कळत नाही. विकीवर मात्र कळतं. कुणी, कोणत्या मिनिटाला, कोणता शब्द काढून कोणता घातला, सगळं समोर असतं. आपण धरून चालतो की विकी म्हटलं की हे आलंच. तसं ते नव्हतं. पहिल्या विकीला आठवण जवळजवळ नव्हतीच. पुढच्या काही विकींना जी आली, ती एका अगदी वेगळ्या कामासाठी लिहिलेल्या, तेव्हाच जुन्या झालेल्या एका साधनाकडून उसनी आलेली. ही त्या उसनवारीची गोष्ट आहे.

वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरनं २५ मार्च १९९५ रोजी पहिली विकी सुरू केली. होनोलुलूच्या विमानतळावर टर्मिनलांमध्ये फिरणाऱ्या बसचं नाव होतं ‘विकी विकी’. हवाईयन भाषेत विकी म्हणजे लवकर. ते नाव त्यानं उचललं. पर्ल भाषेतला एक छोटा प्रोग्राम, आणि कुणीही यावं, बटण दाबावं, पान बदलावं. लॉगिन नाही, परवानगी नाही.

त्या विकीवर पानाची चालू प्रत असे. पुढे ‘एडिटकॉपी’ नावाची सोय आली, तिच्यामुळे मागच्या लेखकाची एक प्रत परत आणता येई. बस. त्यामागे गेलेलं गेलं. तिथे जमलेली माणसं बहुतांश प्रोग्रामर होती, संख्येनं थोडी होती, एकमेकांना नावानं ओळखत होती. कुणी पान बिघडवलं तर दुसरा कुणी थोड्या वेळात नीट करी. मजकूर फिरून फिरून लिहिला जावा आणि जुनी भांडणं मागे पडावीत, असं मानणारेही तिथे होते. त्या मताला अर्थ आहे असं मला अजूनही वाटतं. पण त्याची दुसरी बाजूही त्या विकीनं पाहिली: रागावून निघून जाणारा माणूस आपण लिहिलेलं सगळं पानापानांवरून पुसत सुटला, तर ते परत आणणं अवघड होई. त्याला तिथे ‘माइंड वाइप’ असं नावही पडलं होतं.

ओळखीच्या माणसांत हे चालून जातं. कंपनीत चालत नाही. तिथे पगार असतो, साहेब असतो, ग्राहक असतो, आणि काही बिघडलं की पहिला प्रश्न येतो, ‘हे कुणी केलं?’

१९९८ मध्ये पीटर थोएनी या स्विस प्रोग्रामरनं टेकफाइव्ह सॉफ्टवेअर या कंपनीतल्या ग्राहकसेवेच्या माहितीसाठी एक विकी उभी केली. तिचा पाया जॉसविकी नावाच्या दुसऱ्या एका विकीचा होता. थोएनीच्या विकीचं नाव टीविकी. ती पर्लमध्येच होती आणि तिला डेटाबेस नव्हता. प्रत्येक पान म्हणजे सर्व्हरवरची एक साधी टेक्स्ट फाइल. आणि त्या फाइलच्या शेजारी त्याच नावाची दुसरी फाइल, जिच्या नावाच्या शेवटी एक स्वल्पविराम आणि इंग्रजी व्ही हे अक्षर. पानाचा सगळा भूतकाळ त्या दुसऱ्या फाइलमध्ये.

ही स्वल्पविराम व्ही वाली फाइल टीविकीनं शोधून काढलेली नाही. ती आरसीएसची, म्हणजे ‘रिव्हिजन कंट्रोल सिस्टिम’ची. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांना जुन्या प्रती जपण्याची गरज फार आधीपासून होती. काल चालत होतं, आज चालत नाही, मधे काय बदललं? १९७२ मध्ये बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंडनं यासाठी एससीसीएस नावाची प्रणाली लिहिली. आधी आयबीएमच्या मोठ्या मशिनवर, नंतर युनिक्सवर. त्यात सगळ्या आवृत्त्यांच्या ओळी एकाच फाइलमध्ये एकमेकींत विणलेल्या असत. कुठलीही आवृत्ती हवी असली तरी अख्खी फाइल वाचून त्यातल्या योग्य ओळी वेचाव्या लागत.

दहा वर्षांनी, १९८२ मध्ये, पर्ड्यू विद्यापीठातल्या वॉल्टर टिची यांनी आरसीएस मांडली. त्यांची मुख्य कल्पना ऐकायला फार साधी आहे. लोकांना बहुतेक वेळा ताजीच आवृत्ती हवी असते, मग ती पूर्ण ठेवा. जुन्या आवृत्त्या पूर्ण ठेवू नका, फक्त मागे जाण्याच्या सूचना ठेवा. ‘पाचव्या ओळीपासून एक ओळ काढ, तिथे ही ओळ घाल’, एवढंच. ताजी प्रत हवी तर लगेच मिळते. वीस आवृत्त्या मागे जायचं असेल तर वीस वेळा सूचना पाळत जावं लागतं, पण असं कितीदा लागतं?

टिचींच्या डोळ्यांसमोर तेव्हा अर्थातच विकी नव्हती, वेबही नव्हतं. त्यांच्यासमोर प्रोग्रामांच्या फाइली होत्या. पण विकीचं पान वाचणाऱ्यांची सवय नेमकी हीच असते. पान वाचणारे खूप, इतिहास चाळणारे मोजके. म्हणून सोळा वर्षं जुनं हे साधन वेबच्या कामाला चपखल बसलं. शिवाय ते जवळजवळ प्रत्येक युनिक्स मशिनवर आधीच असे किंवा चुटकीसरशी बसवता येई, आणि फुकट होतं. १९९८ मध्ये फुकट आणि भरवशाचा डेटाबेस चालवणं हे प्रत्येक कंपनीला जमण्यासारखं नव्हतं. फाइली ठेवणं सगळ्यांना जमत होतं.

जुनं, म्हणजे किती जुनं? तोवर प्रोग्रामरांच्या जगात आरसीएसचा जमाना सरत आला होता. ॲमस्टरडॅममध्ये डिक ग्रूननं दोन विद्यार्थ्यांबरोबर एका कंपायलरवर काम करताना, १९८६ मध्ये, आरसीएसभोवती काही शेल स्क्रिप्ट गुंडाळून सीव्हीएस बनवली होती. सीव्हीएसनं एकाच वेळी अनेकांना काम करता यावं अशी सोय केली आणि नव्वदच्या दशकात मोकळ्या सॉफ्टवेअरचं जग तिच्यावर चाललं. गंमत म्हणजे तिच्याही पोटात तीच स्वल्पविराम व्ही वाली फाइल होती.

आता संसार कसा झाला ते सांगते, कारण खरी मजा तिथे आहे.

आरसीएस कुलपावर चालते. एखादी फाइल बदलायची असेल तर ती कुलूप लावून बाहेर काढायची, बदलायची, परत आत ठेवायची. कुलूप तुमच्या नावावर असेपर्यंत दुसऱ्या कुणी नवी आवृत्ती आत ठेवू शकत नाही. एका खोलीत बसलेल्या चार प्रोग्रामरांना हे ठीक. वेबवर मात्र कुणी पान बदलायला उघडतं, चहाला जातं, तिथून घरी जातं. कुलूप लागलेलंच राहिलं असतं.

टीविकीनं यातून वाट काढली ती अशी. पान जतन करताना आरसीएसला सांगायचं, ही आवृत्ती आत घे आणि त्याच क्षणी फाइल पुन्हा कुलूप लावून बाहेर दे. म्हणजे प्रत्येक पान कायमच कुलूपबंद. कुणाच्या नावावर? वेब सर्व्हर मशिनवर ज्या नावानं चालतो त्याच्या. त्या काळी हे नाव अनेकदा ‘नोबडी’ असे. जास्त अधिकार नसलेलं, मुद्दाम क्षुल्लक ठेवलेलं एक खातं. थोडक्यात, विकीतल्या सगळ्या पानांची कुलपं ‘कोणी नाही’ या इसमाच्या खिशात.

याचा त्रासही तितकाच सुंदर होता. टीविकीबरोबर जी तयार पानं येत, त्यांच्या इतिहासाच्या फाइली ‘नोबडी’च्या नावानं कुलूपबंद असत. तुमच्या मशिनवर सर्व्हर दुसऱ्या नावानं चालत असेल तर पान जतनच होत नसे. मग सगळ्या फाइलींमधलं कुलपाचं नाव एकगठ्ठा बदलावं लागे. बसवण्याच्या सूचनांमध्ये ही पायरी लिहिलेली होती. मी ती पायरी किती मशिनांवर केली असेल, मोजलेलं नाही.

बरं, कुलूप कोणी नाहीचं, मग पान बदललं कुणी? आरसीएस एरवी मशिनवरच्या खात्याचंच नाव लेखक म्हणून लावते. तसं झालं असतं तर सगळा इतिहास ‘नोबडी’नं लिहिलेला दिसला असता. पण आत ठेवण्याच्या आदेशाला एक पर्याय देता येतो, लेखकाचं नाव मी सांगते तेच लाव. टीविकीनं तो वापरला आणि ब्राउझरमधून लॉगिन केलेल्या माणसाचं नाव तिथे पोचवलं. ‘कुणी केलं?’ या प्रश्नाचं उत्तर एवढ्या एका पर्यायावर उभं होतं.

माणसांमाणसांतलं कुलूप टीविकीनं स्वतःचं वेगळं ठेवलं, तेही मऊ. तुम्ही पान बदलायला उघडलं की तासाभरासाठी दुसऱ्याला सूचना दिसे की अमुक जण यावर काम करत आहेत. त्याला घाई असेल तर तो तरीही पुढे जाऊ शके.

आणखी एक नियम होता, त्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. एकाच माणसानं तासाभराच्या आत तेच पान पुन्हा जतन केलं तर नवी आवृत्ती तयार होत नसे, आधीचीच बदलली जाई. कारण समजतं. काही जण दर दोन मिनिटांनी जतन करतात, प्रत्येक वेलांटीची आवृत्ती कशाला? पण याचा अर्थ, इतिहासातून तासाभराचे तुकडे कायमचे गायब होऊ शकत. इतिहास सांगतो की तासाअखेर काय उरलं. मधे काय लिहून खोडलं, ते सांगत नाही.

ओळींचीही एक अडचण होती. आरसीएस बदल ओळींच्या हिशेबात मोजते. प्रोग्रामात ओळी छोट्या असतात. विकीत माणसं परिच्छेद लिहितात, आणि अख्खा परिच्छेद म्हणजे आरसीएसच्या दृष्टीनं एकच लांब ओळ. एका अनुस्वारासाठी जुना परिच्छेद पूर्ण साठवला जाई. जागेची उधळपट्टी म्हणावी, तर पानं इतकी छोटी असत की कुणाला टोचली नाही.

मराठीचं दुखणं वेगळंच होतं. टीविकी मुळात पश्चिम युरोपच्या लिपीसाठी असलेल्या सांकेतिकीवर चाले. त्या फॉर्ममध्ये देवनागरी टंकलं की ब्राउझर प्रत्येक अक्षराऐवजी त्याचा क्रमांक पाठवी. ‘म’च्या जागी अँपरसँड, हॅश, २३५०, अर्धविराम. मराठी या एका शब्दाचे पाच आकडे: २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८. पान उघडलं की ब्राउझर त्या आकड्यांची पुन्हा अक्षरं करी, त्यामुळे वाचणाऱ्याला काही कळत नसे. पण इतिहासाची फाइल उघडली की आत मराठी नाही, आकड्यांची रास. शोध घ्यायला गेलं तर काही सापडत नसे. युनिकोडची सवय असलेल्या तुम्हाला हे विचित्र वाटेल. आम्ही ते चालवून घेतलं, कारण पान दिसत होतं.

त्या फाइलीतल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. एक तारीख. १९०० ते १९९९ मधलं वर्ष आरसीएस दोनच आकड्यांत लिहिते, २००० पासून चार आकड्यांत. एकाच फाइलमध्ये आधी ९९ आणि त्यानंतर २००० असं दिसतं, आणि शतक कुठे उलटलं ते बोट ठेवून दाखवता येतं. दुसरी गोष्ट, प्रत्येक आवृत्तीपुढे तिची अवस्था लिहायची जागा असते. प्रोग्रामर तिथे ‘स्थिर’ किंवा ‘प्रकाशित’ असं लिहू शकत. काहीच लिहिलं नाही तर आरसीएस आपणहून ‘प्रायोगिक’ याचं लघुरूप टाकते. विकीनं तिथे कधी काही लिहिलंच नाही. त्यामुळे कंपन्यांचे नियम, सुट्ट्यांच्या याद्या, अत्यंत महत्त्वाच्या सूचना, सगळं आरसीएसच्या लेखी प्रायोगिकच.

२००६ च्या सुमारास मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत सिस्टिम ॲडमिन होते. आमच्याकडे टीविकी होती. सर्व्हर बंद पडला, डिस्क भरली, लाइन गेली तर काय करायचं, याची पानं त्यावर होती आणि रात्रपाळीची मुलं ती उघडूनच काम करत.

एका पहाटे साडेचारला डिस्क भरली. पाळीवरच्या मुलानं पान उघडलं, त्यात लिहिल्याप्रमाणे जुन्या फाइली काढल्या, काम सुरू झालं. दुपारी कळलं की काढलेल्या फाइलींत ग्राहकाच्या लागणाऱ्या काही फाइली होत्या. पानावर पायरी होती: काढण्याआधी दुसरीकडे प्रत घ्या. त्यानं ती घेतली नव्हती. त्याला ताकीदपत्र मिळालं. तो म्हणत होता, “मॅडम, मी बघितलं तेव्हा असं काही लिहिलेलंच नव्हतं.” सगळेच असं म्हणतात, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

मी इतिहास काढला. ती पायरी शेवटच्या आवृत्तीत आलेली होती. लेखक होते त्याचे टीम लीड. वेळ ०३:४२, तारीख त्याच दिवसाची. लीड म्हणाले, बघा, घटनेच्या आधीच घातली होती. पावणेचारला पायरी आली, साडेचारला यानं ती वाचली नाही. हिशेब सरळ.

पण आरसीएस वेळ ग्रिनिचची लिहिते, आणि आमची विकीही तीच दाखवत होती. त्यात साडेपाच तास मिळवले की होतात सकाळचे ९ वाजून १२ मिनिटं. आरसीएसच्या नोंदी दाखवणाऱ्या आदेशाला आपला वेळ-विभाग सांगता येतो; मी तो सांगून नोंद पुन्हा छापली आणि कागद पुढे ठेवला. लीड कामावर नऊला येत. पान घटनेनंतर पावणेपाच तासांनी बदललेलं होतं.

मुलाचं ताकीदपत्र मागे घेतलं गेलं. लीडना माझ्यासमोर तरी कुणी काही विचारलं नाही. नऊ-बारानंतरच्या तासाभरात त्यांनी त्या पानावर आणखी काही खोडलं-लिहिलं असेल, तर ते मला कधीच कळणार नाही. एका तासाचा तो नियम. आणि हेही खरं की ती फाइल साधी टेक्स्ट होती. सर्व्हरची किल्ली असणारा कुणीही एडिटरमध्ये उघडून तारीख बदलू शकला असता. त्या ऑफिसात ती किल्ली माझ्याकडे होती. लिनस टॉरव्हाल्ड्सनं एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतलेल्या गिटमध्ये प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीच्या गणिती ठशाला बांधलेली असते, मागचं एक अक्षर बदललं की पुढचे सगळे ठसे बदलतात. आरसीएसमध्ये तसं काही नाही. तिथे भरवसा माणसावर.

असल्या साध्या फाइलींवर किती मोठी कामं चालली याचं उदाहरण जिनिव्हाजवळच्या सर्नचं. वेबचा जन्म जिथे झाला त्या प्रयोगशाळेनं टीविकी मोठ्या प्रमाणावर वापरली. लार्ज हॅड्रॉन कोलायडरवरच्या ॲटलास आणि सीएमएस या प्रयोगांच्या कामाच्या सूचना, विश्लेषणाच्या पायऱ्या, जाहीर निकालांची पानं टीविकीवर होती. सीएमएसमध्ये मुंबईची टीआयएफआरही सहभागी आहे. जुलै २०१२ मध्ये हिग्ज बोसॉनसारखा कण सापडल्याची घोषणा झाली, तेव्हा जगभरच्या हजारो शास्त्रज्ञांच्या रोजच्या नोंदी असल्या विकीच्या पानांवर होत्या.

आता विकिपीडियाकडे. तिनं वेगळी वाट धरली आणि तिथे काय झालं ते पाहण्यासारखं आहे.

१५ जानेवारी २००१ ला विकिपीडिया सुरू झाली ती यूजमॉडविकी या प्रणालीवर. क्लिफर्ड ॲडम्सनं लिहिलेली, तीही पर्लमध्ये, तीही फाइलींवर. पण आरसीएस नव्हती. जुन्या आवृत्त्या ठेवायची तिची स्वतःची पद्धत होती आणि ठराविक दिवसांनी त्या टाकून द्यायची सोय होती. प्रणालीतली मूळ मुदत होती १४ दिवस. डिस्क महाग होती, आणि कुणाला वाटलं होतं की हे पुढे जगातलं सगळ्यांत मोठं संदर्भस्थळ होईल?

जानेवारी २००२ मध्ये माग्नुस मान्स्के या जर्मन विद्यार्थ्यानं पीएचपीत लिहिलेली, मायएसक्यूएल डेटाबेसवर चालणारी नवी प्रणाली आली. त्याच वर्षी ली डॅनियल क्रॉकरनं ती पुन्हा लिहिली. आजच्या मीडियाविकीची सुरुवात ती. तिनं ठरवलं की इतिहास टाकायचा नाही. आणि फरकही साठवायचे नाहीत. प्रत्येक आवृत्ती पूर्ण साठवायची, मागाहून दाबून जागा वाचवायची. इतिहासात तुम्ही दोन आवृत्त्यांची तुलना बघता ती त्या क्षणी काढलेली असते. टिचींच्या कंजूषपणाच्या हे बरोबर उलट.

पण पहिल्या वर्षाच्या कितीतरी आवृत्त्या या स्थलांतरात मागे राहिल्या. जगातल्या सगळ्यांत मोठ्या विश्वकोशाला आपलं बाळपण आठवत नव्हतं. पुढे जवळजवळ दहा वर्षांनी, डिसेंबर २०१० मध्ये, टिम स्टार्लिंग या विकिमीडियाच्या प्रोग्रामरला प्रकल्पाच्या जुन्या फाइली चाळताना एक गठ्ठा सापडला. आत विकिपीडियाच्या २००१ मधल्या मजकुराच्या प्रती होत्या, फेब्रुवारी, मार्च आणि ऑगस्टमधल्या. कुणीतरी कधीतरी ठेवलेल्या, आणि मग विसरलेल्या. त्यातून पहिल्या दिवसांतल्या संपादनांचा पुष्कळसा माग लागला.

अगदी पहिलं संपादन मात्र त्यात नाही. जिमी वेल्स यांच्या सांगण्यानुसार त्यांनी आधी ‘हॅलो, वर्ल्ड!’ असं लिहून पाहिलं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये ख्रिस्टीजच्या लिलावात त्या क्षणाची त्यांनी पुन्हा उभी केलेली प्रतिकृती एनएफटी म्हणून साडेसात लाख डॉलरला विकली गेली. नोंद जपून ठेवायला १९९८ मध्ये काही किलोबाइट लागत होते.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाली, म्हणजे नवी प्रणाली आल्यानंतर. त्यामुळे तिच्यावर ही वेळ आली नाही. इंग्रजीच्या मागून येण्याचे फायदे फार कमी वेळा मिळतात, हा त्यातला एक.

इकडे टीविकीच्या घरातच फूट पडली. ऑक्टोबर २००८ मध्ये प्रकल्पाच्या मालकीवरून आणि कारभारावरून वाद झाला आणि बरेचसे प्रोग्रामर बाहेर पडले. त्यांनी फॉसविकी नावाची नवी शाखा काढली. सॉफ्टवेअरमध्ये भांडण झालं की वापरणाऱ्यांचा जीव टांगणीला लागतो, आपला मजकूर कुणाकडे राहणार? इथे तसं झालं नाही. मजकूर म्हणजे टेक्स्ट फाइली, इतिहास म्हणजे स्वल्पविराम व्ही वाल्या फाइली. त्यांचा ढाचा ना थोएनीच्या मालकीचा होता, ना बाहेर पडलेल्यांच्या. फोल्डर उचललं, दुसरीकडे ठेवलं. ज्या मशिनवर आरसीएस नव्हती तिथे तोच ढाचा वाचणारं-लिहिणारं पर्लमधलं साधनही तयार होतं. पुढे फॉसविकीनं आरसीएसशिवाय चालणारा साठाही दिला.

आणि कल्पना तर संपली नाहीच. जोई हेसची इकीविकी २००६ मध्ये आली ती आधी सबव्हर्जनवर, मग गिटवर. गिटहबवर प्रत्येक प्रकल्पाला जी विकी मिळते ती २०१० पासून आतून गिटचंच भांडार असते. तुम्ही ती तुमच्या मशिनवर अख्खी उतरवून घेऊ शकता, पहिल्या स्वल्पविरामापासून.

आमच्या कंपनीची विकी काही वर्षांनी बदलली. नवं, दिसायला छान, डेटाबेसवाचलं, पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअर आलं. स्थलांतराच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, जुन्या आवृत्त्यांचं काय? सल्लागार म्हणाला, ताजी प्रत आणू, मागचं कोण बघतं? टिचींनी १९८२ मध्ये जे निरीक्षण मांडलं होतं तेच हे. पण ‘क्वचित बघतात’ यावरून टिचींनी जुनं स्वस्तात ठेवायची युक्ती काढली, आणि सल्लागारानं ते टाकून द्यायचं ठरवलं. मी बैठकीत विरोध नोंदवला, तो नोंदवून घेतला गेला. नव्या विकीत आज सगळी पानं एकाच शनिवारी, ‘ॲडमिन’ नावाच्या एकाच माणसानं लिहिलेली दिसतात. ज्यांनी ती लिहिली त्यातले कितीतरी जण कंपनी सोडून गेले, त्यांची नावं कुठल्याच पानावर नाहीत.

परवानगी घेऊन मी जुन्या फाइलींचा एक गठ्ठा बांधून ठेवला होता. गुपित असलेली पानं वगळली, बाकी किरकोळ पानं उरली: कॅन्टीनचे वार, क्रिकेट टीमची यादी, कंपनीच्या बसचं वेळापत्रक. मागच्या वर्षी नव्या लॅपटॉपवर आरसीएस उतरवून घेतली. ती अजून मिळते, ग्नू प्रकल्पात आहे. बसच्या पानाची आवृत्ती १.१ मागितली. ती छापली गेली, आकड्यांची रास. ती एका रिकाम्या फाइलमध्ये चिकटवून ब्राउझरमध्ये उघडली, तर तीन ओळी मराठी: डेक्कन ७:१०, कोथरूड डेपो ७:२५, चांदणी चौक ७:४०, उशीर झाला तर ड्रायव्हरकाकांना फोन करा. लेखकाच्या जागी एका मुलीचं नाव, जी तेव्हा आमच्या रिसेप्शनला बसायची. अवस्था, प्रायोगिक.